मोठ्या नदीतील अपृष्ठवंशी जलचरांचे नमुने कसे घ्यावेत: पंचगंगेच्या काठावरून

पंचगंगेत मासे मरून तरंगू लागले की सकाळी कोणीतरी काठावर येऊन बाटलीत पाणी भरून घेते. पण ज्या पाण्याने ते मासे मेले ते पाणी बहुधा रात्रीतच बंधारा ओलांडून खाली गेलेले असते, आणि बाटलीत येते ते त्याच्या मागून आलेले, त्या मानाने बरे पाणी. तळाच्या गाळात, गोट्यांच्या खाली आणि काठावरच्या मुळांत राहणाऱ्या अळ्या, गोगलगायी, शिंपले, जळवा आणि गांडुळाच्या जातीचे कृमी यांना असे निसटून जाता येत नाही. त्यांतील काहींचे आयुष्य काही आठवड्यांचे असते तर काहींचे कित्येक वर्षांचे, आणि तेवढ्या काळात नदीत जे जे सोडले गेले ते सगळे त्यांच्या अंगावरून गेलेले असते. म्हणून एखाद्या ठिकाणी यांपैकी कोण टिकले आणि कोण नाहीसे झाले, हे नीट मोजले तर पाण्याच्या गेल्या काही महिन्यांच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येतो. नुसत्या डोळ्यांना किंवा साध्या भिंगातून दिसतील इतके मोठे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर अडकून राहणारे प्राणीच या कामात धरले जातात.

डोंगरातल्या ओढ्यात हे काम सोपे असते. पाण्यात उभे राहायचे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळे धरायचे आणि त्याच्या समोरचे गोटे पायाने ढवळायचे. सुटलेले प्राणी वाहत येऊन आपोआप जाळ्यात पडतात. पुस्तकांत बहुतेक ठिकाणी हीच पद्धत दिलेली असते आणि नवखा माणूस तीच घेऊन कोल्हापुरात शिवाजी पुलाखाली उतरतो. तिथे पाणी पुरुषभर खोल, प्रवाह दिसेल न दिसेल इतका मंद, तळ गाळाचा आणि काठ उभा असतो. अशा वेळी तो जिथे उतरता येते तिथे, म्हणजे घाटाच्या पायरीवर किंवा जनावरे पाण्यावर आणतात त्या उतारावर नमुना घेतो. माझ्या मते मोठ्या नदीतील निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात, कारण सोयीची जागा आणि नदीचे खरे रूप दाखवणारी जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घाटाची पायरी सतत घासली जाते, तिच्यावर साबण पडतो, निर्माल्य कुजते; तिथे जे सापडते ते घाटाचे असते, नदीचे नव्हे.

जागा निवडताना

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखली येथे एकत्र येते (पाचवी सरस्वती गुप्त मानतात) आणि तिथून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ती पंचगंगा असते. शहराचा परिणाम पाहायचा तर किमान तीन टापू, म्हणजे नमुन्यासाठी निवडलेले नदीचे तुकडे, हवेत: शहराच्या वर चिखलीच्या बाजूला एक, जयंती आणि दुधाळी हे नाले मिसळल्यानंतर खाली एक, आणि पाणी कितपत सावरते ते कळण्यासाठी आणखी खाली एक. ज्यांच्याकडे माणसे आणि वेळ आहे त्यांनी इचलकरंजीच्या वर रुई, खाली तेरवाड आणि शेवटी नृसिंहवाडीच्या अलीकडे अशी भर घालावी.

वरच्या टापूची तुलना खालच्या टापूशी करायची, हे सगळ्यांना कळते. कळत नाही ते असे, की ही तुलना सारख्या तळाची सारख्या तळाशीच झाली पाहिजे. चिखलीला खळाळत्या पाण्यातले गोटे आणि खाली बंधाऱ्यामागचा गाळ असे दोन नमुने शेजारी ठेवले, तर शहरातून एक थेंबही सांडपाणी आले नाही तरी दोन्ही यादी वेगळ्या येतील. गाळात राहणारे प्राणी गोट्यांवर राहत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. याच कारणाने आंबोली-राधानगरीकडच्या डोंगरी ओढ्यात सापडणाऱ्या स्टोनफ्लायच्या अळ्या शहराजवळ मिळाल्या नाहीत म्हणून प्रदूषणाचा पुरावा मिळाला असे लिहिणे चूक आहे. थंड, उथळ, वेगवान पाण्यात राहणारा तो प्राणी सपाटीवरच्या संथ नदीत स्वच्छ पाण्यातही क्वचितच राहील.

आपल्या नदीत या अडचणीला आणखी एक पदर आहे. ज्याला सगळा महाराष्ट्र कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतो तो पावसाळा सरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून अडवला जातो, आणि नदी एकामागून एक लांबट तळ्यांची माळ होऊन बसते. बरगे घातल्यावर मागच्या पाण्याचा वेग मोडतो, गाळ बसतो, केंदाळ (जलपर्णी) साचते आणि वाहत्या पाण्यातले प्राणी जाऊन तळ्यातले प्राणी येतात. हा बदल सांडपाण्याने होणाऱ्या बदलासारखाच दिसतो, म्हणून तीनही टापू एक तर बंधाऱ्यांच्या मागच्या साठलेल्या पाण्यात घ्यावेत, नाही तर तीनही बंधाऱ्यांच्या खालच्या वाहत्या पाण्यात. एक खाली आणि दोन मागे अशी सरमिसळ झाली, तर पुढच्या सगळ्या मेहनतीतून बंधारा आणि नाला यांची कामगिरी कधीच वेगळी करता येणार नाही. बरगे कधी घातले आणि कधी काढले याची तारीख नोंदवहीच्या पहिल्या पानावर हवी.

प्रत्येक टापूवर नदीच्या लांबीने ५०० मीटरचा पट्टा मापून घ्यावा आणि दर १०० मीटरला एक याप्रमाणे सहा आडव्या रेषा कल्पाव्यात. प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना, म्हणजे दोन्ही काठांना नमुना घेतला की बारा ठिकाणे होतात. दोन्ही काठांचा आग्रह उगाच नाही. नाल्याचे पाणी मोठ्या नदीत पडल्याबरोबर मिसळत नाही. ते ज्या काठाने आले त्याच काठाला बिलगून बरेच अंतर वाहत जाते, आणि उन्हाळ्यात उंच काठावरून पाहिले तर गढूळ आणि निवळ पाण्यामधली रेघ स्पष्ट दिसते. एकाच काठाचा नमुना घेणाऱ्याला त्यामुळे नदी एक तर पुरती मेलेली किंवा पुरती निरोगी भासते. दोन्ही काठांच्या बरण्या वेगळ्या ठेवाव्यात. एकत्र करायच्याच असतील तर हिशेबात कराव्यात, बरणीत नव्हे.

केव्हा जावे

पावसाळ्यात जाऊ नये. राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण नमुन्यासाठी पाणी त्याच्या कितीतरी खाली येऊन स्थिर झालेले असावे लागते. पूर तळ खरवडून नेतो, आणि त्यानंतर प्राण्यांची वस्ती पुन्हा बसायला निदान तीन-चार आठवडे लागतात. दिवाळीच्या सुमारास एक, फेब्रुवारीत एक आणि मेमध्ये एक अशा तीन फेऱ्या पुरेशा होतात. दरवर्षी त्याच महिन्यांत जावे, कारण कित्येक अळ्यांना पंख फुटून त्या पाण्याबाहेर जातात आणि मग त्या नदीत असूनही नसल्यासारख्या दिसतात.

साहित्य

इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची चौकट असलेले, लांब दांड्याचे आणि अर्ध्या मिलिमीटरच्या वीणीचे जाळे हे मुख्य हत्यार. मच्छरदाणीचे कापड लावून काम भागवू नये. तिची भोके मोठी असतात आणि बारीक अळ्या व कृमी नेमके निसटतात, म्हणजे प्रदूषण दाखवणारे प्राणीच यादीतून गळतात. याशिवाय अर्ध्या मिलिमीटरची चाळण, दोन घमेली, पांढरे तामचिनीचे किंवा प्लॅस्टिकचे पसरट ट्रे, बोथट टोकाचे चिमटे, ड्रॉपर, रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरण्या, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि शिसपेन्सिल एवढे लागते. नमुना टिकवण्यासाठी ७० ते ८० टक्के अल्कोहोल हवे. त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागत असल्याने परवाना असलेल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला सोबत घेणे हाच सरळ मार्ग आहे.

शिसपेन्सिलचे कारण सांगतो. पहिल्या वर्षी मी चिठ्ठ्या बॉलपेनने लिहून बरण्यांच्या आत टाकल्या होत्या. आठ दिवसांनी बरण्या उघडल्या तेव्हा अल्कोहोलला निळसर झाक आली होती आणि चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या. झाकणांवर मार्करने लिहिलेली अक्षरेही सांडलेल्या अल्कोहोलने पुसली गेली होती. बारापैकी पाच बरण्या कोणत्या काठाच्या हे शेवटपर्यंत ठरले नाही आणि त्या टाकून द्याव्या लागल्या. शिसपेन्सिलने जाड कागदावर लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलमध्ये वर्षानुवर्षे वाचता येते. तिच्यावर नदी, टापू, रेषा, काठ, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचे नाव असावे.

काठाचा नमुना

मोठ्या नदीत बहुतेक प्राणी काठाच्या पट्ट्यात, काठापासून साधारण दहा मीटरच्या आत आणि एक मीटर खोलीपर्यंत एकवटलेले असतात, म्हणून जाळ्याने घेतलेला काठाचा नमुना हाच या कामाचा कणा आहे. प्रत्येक ठिकाणी जाळ्याच्या सहा ओढी घ्याव्यात आणि प्रत्येक ओढ अर्धा मीटर लांबीची असावी. या सहा ओढी तिथे जे जे प्रकार असतील त्यांत, त्यांच्या प्रमाणात वाटाव्यात: काठ बहुतांशी गाळाचा आणि थोडा मुळांचा असेल तर चार गाळात आणि दोन मुळांत. गाळात जाळ्याची कडा दोन-तीन सेंटिमीटर आत घुसवून ओढावी. मुळांत जाळे खालून वर झटकत न्यावे. गोटे असतील तर एकेक उचलून जाळ्याच्या तोंडाशी हाताने चोळावे. केंदाळाच्या मुळांत प्राण्यांची गर्दी असते आणि एका ओढीत ट्रे भरून जातो, पण केंदाळ आज इथे तर उद्या वाऱ्याने पलीकडे जाते. त्याचा नमुना घ्यायचा तर वेगळ्या बरणीत घ्यावा.

जिथे पाण्यात उतरावे लागते तिथे खालच्या रेषेपासून सुरुवात करून वर जावे, म्हणजे आपण ढवळलेला गाळ आपल्याच पुढच्या नमुन्यात येणार नाही.

खोल पाण्यातला तळ

मधल्या तळासाठी नाव लागते. ओळखीचा मासेमार असेल तर उत्तम. पुरात गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून लोक नदी पार करतात हे खरे, पण काहील जागच्या जागी गिरकी घेते आणि तिच्यातून तळाचा नमुना घेणे जमत नाही. मऊ गाळासाठी एकमन ग्रॅब वापरतात. ही पितळेची किंवा पोलादाची, तळाशी १५ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद पेटी असते. तिला खालून दोन जबडे असतात आणि ते ताणलेल्या स्प्रिंगवर उघडे अडकवलेले असतात. पेटी दोरीने हळूहळू खाली सोडायची, दोरी सैल पडली की ती तळावर बसली असे समजायचे आणि मग दोरीत ओवलेले एक लहानसे वजन वरून सोडून द्यायचे. क्षणभराने हाताला खट् असा झटका जाणवतो. जबडे मिटलेले असतात. पेटी शेवटच्या हातभर अंतरात भराभर उचलू नये, नाही तर वरचा पातळ थर, म्हणजे ज्यात सर्वांत जास्त प्राणी असतात तोच, बाहेर सांडतो.

पेटी वर आल्यावर जबड्यांत काटकी, प्लॅस्टिकची पिशवी किंवा चिंधी अडकली असेल तर तो नमुना टाकून द्यावा. शहराखाली दर तीन-चार वेळांत एकदा तरी असे होते आणि अर्धवट भरलेली पेटी ‘चालेल’ म्हणून ठेवण्याचा मोह होतो. वाळू किंवा बारीक खडा असलेल्या तळावर एकमन चालत नाही. तिथे पोनार नावाचा जड ग्रॅब लागतो. प्रत्येक टापूवर किमान तीन नमुने घ्यावेत. एकमनचा एक नमुना २२५ चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे तिन्ही मिळून ६७५. तीन नमुन्यांत मिळून ८१ कृमी सापडले तर एका चौरस मीटरला सुमारे १,२०० असा हिशेब होतो.

दगडांच्या पिशव्या

तळ सारखा नसण्याच्या अडचणीवर एक उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो: सगळ्या टापूंवर आपणच एकसारखा तळ नेऊन टांगायचा. कांद्याच्या जाळीदार नायलॉनच्या पिशव्या घ्याव्यात, प्रत्येकीत एकाच खाणीतला मुठीएवढा काळा दगड, धुऊन, पाच-पाच किलो भरावा आणि त्या पाण्यात चार ते सहा आठवडे ठेवाव्यात. वाहत येणारे आणि पोहत येणारे प्राणी त्यांवर वस्ती करतात. दगड तेच, वजन तेच, खोली तीच असल्याने वरच्या आणि खालच्या पिशवीतला फरक हा मुख्यतः पाण्यातला फरक असतो. गाळात पुरून राहणारे कृमी आणि शिंपले मात्र यांत फारसे येत नाहीत, म्हणून ही पद्धत काठाच्या नमुन्याच्या जोडीला वापरावी, त्याच्या ऐवजी नव्हे.

पिशव्या काठावरच्या झाडाला बांधू नयेत. शेतीचा उपसा सुरू झाला की बंधाऱ्यामागचे पाणी फूट-दीड फूट उतरते आणि पिशव्या उन्हात लोंबकळत राहतात. माझ्या चार पिशव्या अशाच सुकल्या आणि दीड महिना फुकट गेला. नांगरलेल्या तरंगत्या कॅनला अर्धा मीटर दोरीने पिशवी बांधली की पाणी चढो वा उतरो, खोली कायम राहते. किती पिशव्या टिकतील हे सांगता येत नसल्याने प्रत्येक टापूवर पाच लावाव्यात आणि जवळच्या शेतकऱ्यांना व मासेमारांना त्या काय आहेत हे आधी सांगून ठेवावे. काढताना पाण्यातच पिशवीखाली जाळे धरावे. पिशवी उचलताच निम्मे प्राणी अंग सोडतात.

ट्रेसमोर बसल्यावर

नमुना घमेल्यात पाणी घालून ढवळावा, वरचे पाणी चाळणीतून ओतावे, असे पाच-सहा वेळा करावे आणि तळाशी राहिलेल्या वाळूत गोगलगायी व शिंपले हाताने शोधावेत. जिवंत प्राणी निवडणे सोपे जाते, कारण ते हलतात. पांढऱ्या ट्रेमध्ये थोडे पाणी घालून दोन मिनिटे काही न करता पाहत राहिले की जो काळा कचरा वाटत होता त्यातला काही भाग चालू लागतो. शेपटीला तीन बारीक केस आणि पोटाच्या कडांना हलणारे कल्ले दिसले तर ते मे-फ्लायचे पिल्लू. वाळूच्या कणांची किंवा पानांच्या तुकड्यांची नळी अंगावर घेऊन सरकणारी अळी कॅडिसफ्लायची. तिच्या काही जाती नळीशिवायही राहतात. दोन्ही टोके हलवत आठाच्या आकड्यासारखी वळवळणारी, भडक लाल अळी कायरोनोमिड चिलटाची असते, आणि तो लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच हिमोग्लोबिनचा असतो. त्याच्या जोरावर ती जवळजवळ प्राणवायू नसलेल्या गाळात तग धरते. चतुर आणि टाचणी यांची पिल्ले, जळवा, कोळंबी, खेकडे हे ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही.

गोगलगायींकडे जरा थांबून पाहावे. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला असता तोंड डाव्या बाजूला आले, तर ती बहुधा बाहेरून आलेली फायसा असते. घाण पाण्यात ती मजेत राहते. तोंड उजवीकडे आणि त्यावर नखासारखे घट्ट झाकण असेल तर ती बेलामिया. चपटी, जिलेबीसारखी वेटोळी असेल तर इंडोप्लॅनॉर्बिस. मोठे शिंपले मोजून, फोटो काढून परत नदीत सोडावेत. त्यांतले काही आपल्या नोंदवहीपेक्षा जुने असतात.

उरलेला नमुना अल्कोहोलमध्ये ठेवताना बरणीत कचरा अर्ध्याहून अधिक भरू नये आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलावे, कारण प्राण्यांच्या व पालापाचोळ्याच्या अंगातले पाणी ते पातळ करते. प्राणी फार असतील तर ट्रेचे सारखे चौकोन पाडून, चिठ्ठ्या टाकून येतील ते चौकोन पूर्ण निवडावेत आणि ३०० प्राणी झाले की तो चौकोन संपवून थांबावे. डोळ्यांत भरतात तेच मोठे प्राणी आधी उचलण्याची सवय यामुळे आवरली जाते.

हिशेब

जातीपर्यंत ओळख पटवणे तज्ज्ञांचे काम आहे, पण कुळापर्यंतची ओळख पुष्कळ असते. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी (बायोलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) पद्धतीत प्रत्येक कुळाला प्रदूषण न सोसण्याच्या प्रमाणात १ ते १० गुण दिलेले आहेत. मूळ यादीप्रमाणे कृमींना १, कायरोनोमिडला २, एर्पोब्डेलिडी जळवांना ३, प्लॅनॉर्बिडी गोगलगायींना ३, बेटिडी मे-फ्लायला ४ आणि व्हिव्हिपॅरिडी गोगलगायींना ६. एखाद्या ठिकाणी हीच सहा कुळे सापडली तर बेरीज १९ आणि सरासरी ३.१७ येते. बेरीज नमुना मोठा घेतला की वाढते, सरासरी तेवढी हलत नाही; म्हणून तुलना सरासरीची करावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतीय नद्यांसाठी याच धर्तीवर निकष केले असून त्यांत गुणांच्या जोडीला विविधताही मोजली जाते.

ही विविधता मोजायची रीत इतकी साधी आहे की शाळेतली मुलेही ती करू शकतात. निवडलेले प्राणी न पाहता, एकामागून एक उचलून ओळीत मांडायचे. शेजारचा आधीच्यापेक्षा वेगळा असेल तर नवा गट मोजायचा, सारखा असेल तर नाही. पहिला प्राणी हा पहिला गट. जळू, जळू, गोगलगाय, अळी, अळी, गोगलगाय अशी ओळ आली तर सहा प्राण्यांत चार गट, म्हणजे ०.६७. सहाही कृमीच असते तर सहांत एक, म्हणजे ०.१७. प्रत्यक्षात अर्थात सहांवर न थांबता सगळी ओळ मांडावी लागते. गुण आणि विविधता मिळून पाण्याचा दर्जा ‘अ’ म्हणजे स्वच्छ ते ‘ई’ म्हणजे अति प्रदूषित असा ठरतो. ब्रिटिश गुण आणि मंडळाचे वर्ग यांची खिचडी करू नये. एक यादी धरली की सर्व वर्षे तीच वापरावी.

या आकड्यांशेजारी त्या दिवशीचे पाण्याचे तापमान, पीएच, विद्युतवाहकता आणि विरघळलेला प्राणवायू लिहावा. प्राणवायू शक्य तर पहाटे मोजावा, कारण शेवाळ असलेल्या पाण्यात तो दुपारी फसवा जास्त आणि पहाटे सर्वांत कमी असतो.

पाण्यात उतरणाऱ्याने जीवरक्षक जाकीट, गमबूट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालावेत, पायाला जखम असेल तर काठावरच थांबावे आणि एकट्याने कधीही जाऊ नये. शिरोळच्या बाजूला, कृष्णेच्या जवळ, मगरींचा वावर आहे. तिथे काठावर ओणवे बसून जाळे धुण्यापूर्वी मासेमारांना विचारावे आणि त्यांनी नको म्हटले तर त्या दिवशी ती रेषा सोडून द्यावी. नोंदवहीत तिच्यापुढे शून्य लिहू नये, ‘घेतला नाही’ असे लिहावे.